कंडक्टरबाईंच्या सात खोल्या

शालन गाडे. एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर, शिर्डीजवळच्या राहाता गावात बाजार समितीच्या मागच्या गल्लीत सात खोल्यांच्या मालकीण. या मुलखात मला पाठ टेकायला जागा मिळाली ती या बाईंमुळं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं माझी भीती, माझा मूर्खपणा असलं बरंच काही मधे येणार आहे आणि त्यात मुख्य गोष्ट राहून जायची. मी नववीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही. काही चुकलं तर ते माझ्या खात्यावर धरा, बाईंच्या नको.

गल्लीत शालन गाडे असं विचारलं तर कुणी पत्ता सांगणार नाही. कंडक्टरबाई म्हणावं लागतं. उंच, काटक बाई. उभ्या राहायच्या त्या पाय थोडे फाकवून, एक हात कशाला तरी धरून. घरात टीव्ही बघायच्या तरी उभ्यानं, दाराची चौकट धरून. मी एकदा म्हटलं, "बाई, बसा नं." तर म्हणाल्या, "बसून मला काय दिसत न्हाई. मागच्या शिटापतुर नजर गेली पायजे." वीस-बावीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहिल्यावर माणसाला जमीन स्थिर आहे यावर विश्वास बसत नसावा.

भाडेकरूंना त्या नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. एक नंबरच्या खोलीतले रसवंतीवाले काका म्हणजे "पाथर्डी". तीन नंबरमधला मेडिकलवाला म्हणजे "मालेगाव". मी "चंद्रपूर". माझी बायको मंदा आली तेव्हा ती "चंद्रपूरवाली" झाली आणि आमची पाच वर्षांची श्रावणी झाली "हाफ". कारण विचारलं तर म्हणाल्या, "गाडीत कुनाला नाव नसतंय. कुठं उतरायचंय तेवढंच इचारायचं."

मी गोंडपिपरीच्या पलीकडचा, चंद्रपूर जिल्ह्यातला. शिर्डीच्या लॉजवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल राहात्याच्या एका लाँड्रीत धुवायला येतात. तिथं मी इस्त्री करायला लागलो. काम मिळालं, पण खोली मिळेना. दीड महिना लाँड्रीतच चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपत होतो. तिकडं मंदा रोज संध्याकाळी फोन करायची आणि तिचं एकच वाक्य असायचं, "भेटली का खोली?" जूनमध्ये श्रावणीला पहिलीत घालायचं होतं. शाळेला पत्त्याचा कागद लागतो. खोली नाही तर कागद नाही, कागद नाही तर शाळा नाही, आणि मग त्या दोघी तिकडं आणि मी इकडं. जेवताना, इस्त्री फिरवताना, डोक्यात तेवढंच.

सात घरमालकांनी नाही म्हटलं. कुणाला एकटा माणूस नको होता, कुणाला पगाराची स्लिप पाहिजे होती. माझा पगार हातात, रोजच्या रोज. स्लिप कुठून आणू? एकानं तर चंद्रपूर म्हटल्यावर "तिकडं वाघ असतात ना?" एवढंच विचारलं आणि दार लावून घेतलं.

मग कुणीतरी फाईलवाल्याचं नाव सांगितलं. स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. आत पडद्यामागं कॉम्प्युटर. माझ्याकडं न बघताच तो म्हणाला, "कोपरगावचा पत्ता टाकतो. लांबचा मानूस बघितला की मालक बिचकतो. शिक्षन बारावी करू. हॉटेलात सुपरवायझर करू तुला." अर्ध्या तासात त्यानं आधार कार्डाच्या झेरॉक्सवरचा पत्ता बदलला, पगाराचं पत्र छापलं, आधीच्या घरमालकाचा दाखला बनवला आणि प्रत्येकावर जांभळा गोल शिक्का मारला. खरं सांगतो, ते पत्र वाचताना क्षणभर मला माझाच अभिमान वाटला.

ती फाईल घेऊन मी कंडक्टरबाईंकडं गेलो. सकाळची वेळ. बाई फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पहिल्यांदा आलेल्या माणसाशी बोलताना तेवढ्या त्या बसायच्या. मी नमस्कार केला आणि त्यांनी काही विचारायच्या आत फाईल पुढं केली. त्यांनी ती उघडलीच नाही. मांडीवर ठेवली.

"कुठले?"

"कोपरगाव, जी."

"कदी आलात?"

"आत्ताच येऊन राहिलो."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. कोपरगावात 'जी' नाही आणि 'येऊन राहिलो'ही नाही, हे मला तेव्हा कुठं माहीत? त्यांनी शांतपणे विचारलं, "एसटीनं आलात?"

"हो जी."

"तिकीट बगू."

त्या आवाजात तिकीट मागितलं की कुणाचाही हात खिशात जाईल. माझा गेला. मोबाईलच्या कव्हरमागं एक तिकीट होतं, ते मी काढून दिलं. दिल्यावर कळलं की काय दिलं. नागपूरहून शिर्डीला आलो त्या गाडीचं ते तिकीट होतं. टाकवत नव्हतं म्हणून ठेवलेलं. अक्षरं जवळजवळ उडाली होती. मला वाटलं, वाचता येणार नाही. बाईंनी ते उन्हाकडं धरलं, तिरकं केलं, अंगठ्यानं जरा ताणलं.

"नागपूर," त्या म्हणाल्या. "लई लांबनं आलात की वो. वाटंत कोपरगाव लागलं असंल, पर तुमी उतरला न्हाईत."

पोलीस येणार, लाँड्रीतलं काम जाणार, मंदाला काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात. बाईंनी आता फाईल उघडली आणि एकेक पान उलटत विचारलं, "ह्यात खरं काय हाय?"

"फोटो, जी." मग आठवून म्हटलं, "आणि नाव."

बाई इतक्या हसल्या की खुर्चीचा पाय करकरला. हसणं थांबल्यावर 'तुमी'चं 'तू' झालं. "फाईल ऱ्हाऊ दे माज्याकडं. उद्या ये. खरं काय असंल ते घिऊन ये. फाटकं असलं तरी चालंल."

दुसऱ्या दिवशी मी मूळ आधार कार्ड आणि नववी नापासचा शाळेचा दाखला नेला. त्या दाखल्याची घडी इतकी जुनी होती की चार तुकडे व्हायचेच बाकी होते. बाईंनी दोन्ही कागद डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहिले. झेरॉक्स त्या हातातही धरत नसत. "झेरॉक्समदी समद्यांची तोंडं सारखीच दिसत्यात," म्हणायच्या. विद्यार्थ्यांचे बनावट पास, म्हाताऱ्यांच्या सवलतीची खोटी कार्डं, सगळं त्यांनी गाडीत पकडलेलं. कागदाची जाडी, फोटोच्या कडेचा उंचवटा, शिक्का फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा पडलाय का, हे त्यांचं बोट आधी बघायचं.

दाखला परत देत त्या म्हणाल्या, "हे बेस हाय. खोटं करनारा नापासचा दाखला कशाला करंल?"

पण एवढ्यावर खोली दिली नाही. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता, न सांगता, लाँड्रीत हजर. मालकांशी बोलल्या, मग दाराची चौकट धरून तासभर मला इस्त्री करताना बघत राहिल्या. माझ्या हातून एक अभ्रा करपला. जाताना म्हणाल्या, "रोज करपत न्हाई ना?" मालक म्हणाले, "न्हाई बाई, आजच."

आणि मग त्यांचा खरा तपास. भाडेकरूनं दिलेल्या नंबरावर त्या विश्वास ठेवत नसत. "तूच दिल्याला नंबर तुजंच गुनगान गाईल," म्हणायच्या. स्वतःच्या वाटेनं माहिती काढायच्या. त्यांची वाट म्हणजे कंडक्टर. शिर्डीच्या गाडीवरच्या ओळखीच्या कंडक्टरला सांगितलं, त्यानं नागपूरच्या कंडक्टरला, त्यानं चंद्रपूरच्या, आणि चंद्रपूरच्यानं आमच्या गावी मुक्कामी गाडी नेणाऱ्या कंडक्टरला. पाचव्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी मला बोलावून ते जसंच्या तसं सांगितलं, "पोलीस पाटील म्हनले, मानूस सरळ हाय. दुकानदार म्हनला, उधारी ठेवत न्हाई. मास्तर म्हनले, गनितात कच्चा. आन् तुझी आई म्हनली, त्याला थंडी सोसत न्हाई, त्याला खिडकीची खोली देऊ नका."

उत्तराबरोबर एक गाठोडंही आलं. आईनं बाईंसाठी तांदूळ पाठवले होते, चार कंडक्टरांच्या हातून, चार गाड्या बदलून. बाईंनी ते मांडीवर घेतलं आणि त्याच्या गाठी बोटांनी चाचपून पाहिल्या. मग म्हणाल्या, "एक गाठ सुटल्याली न्हाई बग. आमची मानसं अशी हायेत."

खोली मिळाली. खिडकी नसलेली, पाच नंबर. तरी दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्या भाडेकराराच्या ऑफिसात गेल्या, अंगठे झाले, फोटो झाले, पोलीस स्टेशनात भाडेकरूची माहिती दिली. मी म्हटलं, "बाई, आता तं तुम्हाला सगळं माहीत आहे नं." त्या म्हणाल्या, "वळखीच्या मानसाला बी तिकीट फाडावंच लागतं. न्हाई तर चेकर आला की तू बी खाली आन् मी बी खाली."

एप्रिलमध्ये मंदा आणि श्रावणी आल्या. सात खोल्यांच्या त्या दारात तेव्हा रोज तमाशा असायचा, कारण सुट्ट्यांत खोल्या बघायला येणारे फार. मी सुट्टीच्या दिवशी फाटकाजवळ बसून काहीतरी दुरुस्त करत असायचो आणि बघायचो.

एकदा एक जण आला. कडक इस्त्रीचा शर्ट, ती इस्त्री चांगली होती हे मी सांगू शकतो, हातात लेदरची बॅग. नाशिकहून बदली झालीय म्हणाला. वर्षभराचं भाडं एकदम देतो, उद्याच राहायला येतो. सगळे कागद प्लास्टिकमध्ये घातलेले.

बाई म्हणाल्या, "कंपनीतल्या सायबांचा नंबर हाय का?" खरं तर दिलेला नंबर त्या लावत नसत. त्या दिवशी का लावला हे मला नंतर कळलं. गल्लीच्या तोंडाला एक मोटरसायकलवाला हेल्मेट न काढता उभा होता, तो त्यांनी मघाशीच पाहिला होता.

बाईंनी फोन लावला. मोटरसायकलवाल्यानं हेल्मेटच्या आत मोबाईल खुपसला. "हॅलो, एचआर डिपार्टमेंट," असं मला एकदा फोनमधून आणि एकदा गल्लीतून ऐकू आलं. तेवढ्यात शेजारच्यांची म्हैस ओढ्याकडं निघालेली, ती नेमकी त्याच्या अंगावर.

बाई फोनमध्ये अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "सायेब, तुमच्या आफिसातनं म्हस चालली हाय. जरा बाजूला व्हा, शिंग लागंल."

लेदरची बॅग आली तशी गेली. मी हसून हसून पक्कड पाडली. बाई मात्र हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "कागूद न मागता दाकवनारा दोन परकारचा असतोय, चंद्रपूर. एक तुझ्यासारका घाबरल्याला आन् दुसरा असा. चेहरा बगावा लागतो."

पण चेहरा बघण्यात त्या एकदा चुकल्या. ते लिहायला हवं, नाहीतर त्या फोटोतल्या देवीसारख्या वाटतील.

त्यांच्या गाडीवर अकरा वर्षं एकच ड्रायव्हर होता, बबनराव. आता ते नाहीत. बाई कुणाबद्दल फार बोलत नसत, पण बबनरावांचं नाव निघालं की आवाज मऊ व्हायचा. काष्टीच्या बाजारादिवशी भरल्या गाडीतून एका म्हातारीचं कोंबडीचं खुराडं मागं राहिलं होतं. प्रवासी ओरडत असताना बबनरावांनी गाडी थांबवून ठेवली आणि बाई पळत जाऊन खुराडं घेऊन आल्या. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं असेल आणि तिन्ही वेळा कोंबड्यांचा आकडा वेगळा होता.

मे महिन्यात पूनम नावाची बाई आली. पंचविशीतली, साधी, खांद्याला पिशवी. म्हणाली, "दवाखान्यात नर्स आहे. मी बबनमामांची भाची."

बाई खुर्चीवरून उठल्या. नव्या माणसासाठी उठताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. कागद त्यांनी घेतले आणि न बघता उशीखाली ठेवले. कंडक्टरांना निरोप गेला नाही. दवाखान्यात फेरी झाली नाही. चार नंबरची खोली त्याच दिवशी दिली, करार नंतर करू म्हणाल्या. पाथर्डीकाका मला हळूच म्हणाले, "आज बाईंनी तिकीट फाडलं न्हाई."

पूनम गोड होती. मंदाला भाजी निवडू लागायची, श्रावणीच्या वेण्या घालायची. मेच्या शेवटी बाई दोन दिवस काष्टीला भावाच्या घरभरणीला गेल्या. ते दोन दिवस पूनमकडं बरीच माणसं आली. आम्हाला वाटलं नातेवाईक. बाई परतल्या त्या दिवशी पूनम ड्युटीवर म्हणून गेली, ती आलीच नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी गल्लीत तीन टेम्पो एकामागोमाग येऊन थांबले. तीन कुटुंबं, तिघांचं सामान, गाद्या, सिलिंडर, एकाची तुळससुद्धा. तिघांनाही चार नंबरची खोली पाहिजे होती. पूनमनं स्वतःला मालकिणीची मुलगी सांगितलं होतं, खोलीचे फोटो मोबाईलवर टाकले होते, खोली दाखवली होती, आगाऊ रक्कम घेऊन पावत्या दिल्या होत्या.

सगळ्यात जास्त ओरडत होता तो वैजापूरचा एक गवंडी. "म्हातारी सामील हाय ह्यात," तो सगळ्या गल्लीला सांगत होता. "लेक म्हनून बसवली आन् आमाला लुटलं."

बाई चौकट धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वीस-बावीस वर्षांत ज्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नाही, त्यांना त्यांच्याच दारात चोर म्हटलं जात होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आदी सामान सावलीत घ्या. बारकी पोरं उन्हात हायेत. चंद्रपूरवाली, चहा टाक." मग हात पुढं केला. "पावत्या बगू."

मी त्यांच्या शेजारीच होतो. पावतीवर जांभळा गोल शिक्का होता. आतल्या चांदणीचा एक पाय तुटलेला. तो शिक्का मी ओळखला. माझ्या सुपरवायझरच्या पत्रावर तोच होता.

बाईंनीही ओळखला. माझी फाईल त्यांच्या लोखंडी पेटीत होती आणि त्यांचा अंगठा एकदा बघितलेला शिक्का विसरत नसे. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि गवंड्याशी बोलायला लागल्या. मला काही म्हणाल्या नाहीत. पोलिसांकडं जायला पायात चप्पल घातली तेव्हाही नाही.

मी घरात येऊन बसलो. फाईलवाल्याचं दुकान त्या सगळ्यांत मलाच माहीत होतं. पण सांगायचं म्हणजे मी काय केलं तेही सांगायचं. खोटं आधार घेऊन फिरलेला माणूस. केस झाली तर? श्रावणीचं नाव शाळेत पडायला आठवडा राहिला होता. मंदानं चहाचं पातेलं उतरवलं, माझ्याकडं पाहिलं. तिला फाईलचं सगळं माहीत होतं.

"काय बसून राहिले?" ती म्हणाली. "बाई एकट्याच चालल्या नं."

"शाळेचं काय होईल, मंदा?"

"शाळेत हेच शिकवाचं हाय नं पोरीले? की बाप घरात लपून बसला होता म्हणून?"

मी पळत गल्लीच्या तोंडाशी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, माझी फाईल घ्या सोबत. दुकान मी दाखवतो."

बाई थांबल्या. "मी मागितली न्हाई तुला."

"म्हणूनच, जी."

त्या परत फिरल्या, पेटी उघडली. फाईल जुन्या खाकी कापडात गुंडाळलेली होती. चार महिने त्यांनी ती जपून ठेवली होती आणि एकदाही मला त्यावरून बोलल्या नव्हत्या.

पोलीस स्टेशनात हवालदारांनी फाईल पाहिली, मला पाहिलं. "बारावी पास का?"

"नववी नापास, साहेब."

"मग ही कशाला बनवली?"

बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हवालदार, ह्यानं केलं ते लिवा. खोटं लिवू नका. पर त्याच्या खाली हे बी लिवा की फाईल दिली त्याच दिवशी ह्यानं कबूल केलं, दुसऱ्या दिवशी खरे कागूद आनले, त्याचा करार झाला, तुमच्याच हितं त्याची माहिती दिल्याली हाय. आन् आज सोताच्या पायानं आलाय. मला कुनी फसवलं ते बी लिवा. मी कागूद बघितले न्हाईत. ती माझी चूक."

मग माझ्याकडं वळून, "बस खाली. पाय कापत्यात तुझे. टेबल हालतंय."

मी साक्षीदार झालो. हवालदारांनी समज दिली, कडक दिली, ती मी अजून विसरलो नाही. दुकान त्याच दुपारी उघडलं गेलं आणि पडद्यामागच्या कॉम्प्युटरात पूनमचा खरा पत्ता सापडला, मग त्यावरून पूनमही. खरं नाव वेगळंच होतं. बबनरावांना ती कधी भेटलीही नव्हती. गल्लीतल्या किराणा दुकानात बसून बाईंच्या गोष्टी ऐकल्या होत्या, एवढंच. हे कळल्यावर बाईंना सगळ्यात जास्त लागलं. म्हणाल्या, "बबनरावांचं नाव मीच वाटीत सुटले व्हते. घेनारीनं घेतलं."

लोकांचे पैसे काही मिळाले, काही अजून मिळायचे आहेत. चार नंबरची खोली बाईंनी त्या ओरडणाऱ्या गवंड्याला दिली. मी विचारलं, "त्यालाच का? तुम्हाला काय काय बोलला." तर म्हणाल्या, "ज्याचं गेलंय तोच वरडतो. बाकीचे दोगं तितकं न्हाई वरडले." पण खोली देण्याआधी वैजापूरच्या गाडीवर निरोप गेला, गवंडी ज्या बांधकामावर होता तिथं बाई जाऊन आल्या, अंगठे झाले. सगळं रीतसर. तो "वैजापूर" झाला.

त्यानंतर बाईंनी एक नवी पद्धत सुरू केली, ती मी दुसऱ्या कुठल्या घरमालकाकडं पाहिली नाही. खोली बघायला कुणी आलं की त्या आधी स्वतःची पिशवी काढायच्या. घरपट्टीची पावती, लाईटबिल, आधार. "आदी माझं बगा. मालकीन मीच हाय का, खात्री करा. मंग मी तुमचं बगते." लोक संकोचायचे. "असू द्या, असू द्या," म्हणायचे. बाई ऐकायच्या नाहीत. "असू द्या म्हनलं की तिथंच गाडी फसती," असं म्हणून कागद त्यांच्या हातात द्यायच्या. एक म्हातारे गृहस्थ तर त्यांचा फोटो आणि चेहरा पाच मिनिटं ताडून बघत बसले. बाई खुर्चीत न हलता बसलेल्या. शेवटी म्हातारे म्हणाले, "फोटोत बारीक दिसता." बाई म्हणाल्या, "फोटोत ड्युटीवर हुते."

श्रावणीचं नाव पहिलीत पडलं, त्याच भाडेकरारावर. शाळेच्या पहिल्या दिवशी बाई फाटकाशी होत्या. "हाफ, डबा घेतला का? पानी? वही?" असं सगळं विचारूनच तिला सोडलं.

दोन वर्षं आम्ही तिथं होतो. गेल्या महिन्यात संगमनेरला गाळा मिळाला, माझं स्वतःचं इस्त्रीचं दुकान, वर राहायला खोली. तिथल्या मालकांनी कागद मागितले तेव्हा मी मूळचेच दिले, दाखल्यासकट. त्यांनी नववी नापास वाचून मान हलवली आणि खोली दिली.

निघायच्या दिवशी टेम्पो भरत होता. बाईंचे गुडघे हल्ली फार दुखतात. दुसऱ्या कुणासाठी त्या उठल्या नसत्या, पण त्या दिवशी भिंतीच्या आधारानं टेम्पोपर्यंत आल्या, दोरी ओढून पाहिली आणि टेम्पोवाल्याला झापलं, "ही गाठ शिर्डीपतुर बी न्हाई टिकायची." त्यानं पुन्हा बांधली.

मंदा म्हणाली, "बाई, आता ऑपरेशन करून घ्या. डॉक्टर सांगून राहिले तं."

"करीन की. फार्म बी आनलाय," बाई म्हणाल्या. "पर त्यावर सही कराया घरचं मानूस लागतं म्हनं. भाऊ थकला, भाचे सुरतेला. माज्या घरी सात खोल्यात निस्ते भाडेकरू." आणि हसल्या. आपल्या अडचणीवर त्या नेहमीच हसत, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नसे.

टेम्पो निघाला. गल्लीच्या वळणावर मी मागं पाहिलं. बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, एका हातानं वैजापूर गवंड्याची फळी काठीसारखी टेकवून, आणि दुसऱ्या हातानं मागून येणारी गाडी थोपवून धरली होती, आमचा टेम्पो नीट वळावा म्हणून.

त्यांना मी अजून सांगितलं नाही, इथं लिहितो. ऑपरेशनची तारीख ठरली की दुकान बंद करून मी आणि मंदा राहात्याला येणार. त्या फॉर्मवर सही मी करणार, आणि बाई चालायला लागेपर्यंत त्यांच्या उशाशी आम्ही दोघं आळीपाळीनं बसणार. फॉर्मवर पेशंटशी नातं काय, असा एक रकाना असतो. तिथं 'मुलगा' लिहिलं तर कुणी तपासणार नाही. पण मी 'आधीचा भाडेकरू' असंच लिहीन, कारण फॉर्म आत जाण्याआधी बाई तो वाचणार.